अतिसूक्ष्म संख्या संख्यारेषेवर कशा दाखवाव्यात: दहाच्या ऋण घातांच्या आधारे

०.००००३७ ही संख्या संख्यारेषेवर दाखवायची आहे, असे समजू. सवयीप्रमाणे आपण मोजपट्टीने दहा सेंटिमीटर लांबीची रेषा आखतो, डाव्या टोकाला ० आणि उजव्या टोकाला १ लिहितो आणि रेषेचे दहा समान भाग करतो. पहिली खूण ०.१ ची, ती शून्यापासून एक सेंटिमीटरवर येते. ०.०१ साठी एक मिलिमीटर उरतो आणि पेन्सिलीला चांगले टोक असेल तर तिथे खूण कशीबशी बसते. ०.००१ साठी मिलिमीटरचा दहावा भाग हवा, पण पेन्सिलीने ओढलेली रेघच त्याहून जाड असते. आपली संख्या तर शून्यापासून ०.००३७ मिलिमीटर अंतरावर, म्हणजे माणसाच्या रक्तातील तांबड्या पेशीच्या व्यासाच्या सुमारे निम्म्या अंतरावर येईल. ती खूण काढता येणार नाही आणि काढली तरी डोळ्यांना दिसणार नाही.

उलट बाजूनेही पाहू. १०⁻⁵ ही संख्या शून्यापासून एक सेंटिमीटरवर हवी असा हट्ट धरला, तर त्याच रेषेवर १ ही संख्या एक लाख सेंटिमीटरवर, म्हणजे बरोबर एक किलोमीटरवर येईल. १०⁻¹⁰ साठी केवळ एक मिलिमीटर दिला, तरी १ ची खूण दहा हजार किलोमीटरवर करावी लागेल. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतचे अंतर साधारण इतकेच आहे. १७९१ मध्ये फ्रान्समध्ये मीटरची व्याख्या ठरली, तीही याच अंतराचा एक कोटीवा भाग, म्हणजे १०⁻⁷ वा भाग, अशी होती.

यावरून कामाची दिशा ठरते. सूक्ष्म संख्या दाखवताना दोन निर्णय घ्यावे लागतात आणि ते वेगवेगळे ठेवले की बहुतेक गोंधळ टळतो. कोणती रेषा आखायची, हे दहाचा घातांक सांगतो. त्या रेषेवर बिंदू कुठे द्यायचा, हे घाताच्या आधीचा सहगुणक सांगतो. पुढची सगळी कृती या एका वाक्याचा विस्तार आहे.

आधी संख्या नीट लिहावी

रेषा आखण्यापूर्वी संख्या वैज्ञानिक रूपात आणावी. वैज्ञानिक रूप म्हणजे एक सहगुणक आणि दहाचा एक घात यांचा गुणाकार, ज्यात सहगुणक १ किंवा त्याहून मोठा आणि १० पेक्षा लहान असतो. ०.००००३७ मध्ये दशांश चिन्ह उजवीकडे सरकवत पहिल्या शून्येतर अंकाच्या, म्हणजे ३ च्या, लगेच पुढे न्यावे. त्यासाठी पाच स्थाने ओलांडावी लागतात, म्हणून ०.००००३७ = ३.७ × १०⁻⁵.

स्थाने मोजताना चूक होण्याचा संभव फार, म्हणून एक साधी पडताळणी सांगतो. पहिल्या शून्येतर अंकाच्या आधी जितकी शून्ये असतील ती सगळी मोजावीत, दशांश चिन्हाच्या डावीकडचे शून्यही धरावे. इथे डावीकडे एक आणि उजवीकडे चार, अशी पाच शून्ये आहेत, म्हणून घातांक −५. दशांश चिन्हापूर्वीचे शून्य लिहिण्याचा कंटाळा करणाऱ्यांचा घातांक नेमका एकाने चुकतो, म्हणून ते शून्य नेहमी लिहावे असा माझा आग्रह असतो.

मराठीत या स्थानांना फार नेमकी नावे आहेत आणि ती मोठ्याने उच्चारल्याने संख्या मनात पक्की बसते: दशांश, शतांश, सहस्रांश, दशसहस्रांश, लक्षांश, दशलक्षांश. १०⁻⁵ म्हणजे एक लक्षांश. म्हणून ३.७ × १०⁻⁵ म्हणजे तीन पूर्ण लक्षांश आणि चौथ्या लक्षांशाचे सात दशमांश. संख्या अशी बोलून पाहिली की रेषेवर काय करायचे आहे ते जवळजवळ ऐकूच येते.

कॅल्क्युलेटरवर हीच संख्या वेगळी दिसते. अनेक कॅल्क्युलेटर ‘गुणिले दहाचा घात’ हा भाग गाळून त्या जागी ‘ई’ हे एकच इंग्रजी अक्षर दाखवतात आणि त्यापुढे −०५ असा घातांक देतात. ते अक्षर कोणतीही राशी नाही, केवळ जागा वाचवण्याची सोय आहे. वहीत उतरवताना मात्र पूर्ण रूपच लिहावे.

रेषा आखणे

आता ३.७ × १०⁻⁵ साठी रेषा आखू. घातांक −५ आहे, म्हणजे संख्या १०⁻⁵ आणि १०⁻⁴ यांच्या दरम्यान आहे. म्हणून रेषा ० पासून १०⁻⁴ पर्यंतची घ्यावी. दहा सेंटिमीटर लांबीची रेषा सर्वांत सोयीची, कारण मग प्रत्येक सेंटिमीटर एका लक्षांशाचा आणि प्रत्येक मिलिमीटर एका दशलक्षांशाचा होतो. मोजपट्टीवरच्या आयत्या खुणा आपले काम करतात. डाव्या टोकाला ०, पहिल्या खुणेखाली १ × १०⁻⁵, दुसरीखाली २ × १०⁻⁵, असे लिहीत जावे. शेवटची खूण १० × १०⁻⁵ ची येते. तिथे थांबून १० × १०⁻⁵ = १०⁻⁴ हे लिहून घ्यावे. एकक, दशक, शतक शिकताना दहा एककांचा एक दशक होतो तसेच हे आहे: दहा लक्षांश मिळून एक दशसहस्रांश होतो.

सहगुणक ३.७ आहे, म्हणून तिसऱ्या खुणेच्या पुढे सात मिलिमीटर जाऊन बिंदू द्यावा. शून्यापासून ३.७ सेंटिमीटर. संख्या दाखवून झाली.

प्रत्येक खुणेखाली ‘× १०⁻⁵’ लिहिल्याने आकृतीत दाटी होते. सवय झाल्यावर खुणांखाली फक्त ०, १, २, … १० लिहावे आणि रेषेच्या उजव्या टोकाला, बाणाजवळ, एकदाच ‘× १०⁻⁵’ असे ठळक लिहावे. एवढा एक शब्द विसरला तर आकृती पूर्ण चुकते, कारण मग ती ३.७ या संख्येची आकृती होते. राशी मोजमापाची असेल तर तिथेच एककही लिहावे, उदाहरणार्थ ‘× १०⁻⁶ मीटर’. १०⁻⁶ मीटरला मायक्रोमीटर हे नाव आहे, तेव्हा तीच रेषा ‘मायक्रोमीटर’ एवढेच लिहूनही पूर्ण होते. मिली, मायक्रो, नॅनो, पिको, फेम्टो हे उपसर्ग १०⁻³, १०⁻⁶, १०⁻⁹, १०⁻¹², १०⁻¹⁵ असे तीन-तीन पायऱ्यांनी उतरतात. ही शिडी अजून वाढते आहे. २०२२ मध्ये १०⁻²⁷ साठी रोंटो आणि १०⁻³⁰ साठी क्वेक्टो हे उपसर्ग स्वीकारले गेले. उपसर्ग म्हणजे रेषेच्या टोकावरच्या त्या एका शब्दाला दिलेले नावच होय.

ऋण घातांक आणि ऋण संख्या

एका चुकीकडे मला विशेष लक्ष वेधायचे आहे, कारण ती हुशार विद्यार्थीही करतात आणि एकदा रुजली की लवकर जात नाही. ४ × १०⁻³ ही संख्या शून्याच्या डावीकडे दाखवली जाते. विचारले तर उत्तर मिळते, “वर उणे तीन आहे ना!” उणे चिन्ह दिसले की डावीकडे जायचे, हा पूर्णांकांच्या संख्यारेषेवरचा धडा इथे चुकीच्या जागी लावला जातो.

समजावताना नियम सांगण्यापेक्षा उतरती शिडी लिहून दाखवणे मला अधिक परिणामकारक वाटते. १०³ म्हणजे १०००, १०² म्हणजे १००, १०¹ म्हणजे १०. घातांक एकाने कमी झाला की संख्येला दहाने भागले जाते. हाच क्रम पुढे चालवला की १०⁰ म्हणजे १, १०⁻¹ म्हणजे एक दशांश, १०⁻² म्हणजे एक शतांश. धन संख्येला दहाने कितीही वेळा भागले तरी भागाकार धनच राहतो. तो शून्याकडे सरकतो, पण शून्यावर पोहोचत नाही आणि शून्य ओलांडून पलीकडे तर कधीच जात नाही. घातांकातील उणे चिन्ह ‘किती वेळा भागले’ हे सांगते. शून्याची कोणती बाजू, हे सहगुणकाच्या आधीचे चिन्ह सांगते.

म्हणून ४ × १०⁻³ शून्याच्या उजवीकडे आणि −४ × १०⁻³ शून्याच्या डावीकडे, दोन्ही सारख्याच अंतरावर. या दोन संख्या आणि त्यांच्या शेजारी −४ × १०³ ही तिसरी संख्या, अशा तिन्ही एका कागदावर दाखवायला सांगाव्यात. तिसरी संख्या त्या कागदावर मावणार नाही, हे विद्यार्थ्याला स्वतःला कळले पाहिजे.

योगायोग असा की इंग्लंडचे गणिती जॉन वॉलिस यांचे नाव या दोन्ही गोष्टींशी जोडलेले आहे. ऋण घातांकांचा अर्थ त्यांनी १६५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखनात मांडला, आणि ऋण संख्यांचा अर्थ एका सरळ रेषेवर पुढे-मागे चालणाऱ्या माणसाच्या उदाहरणाने त्यांनीच १६८५ मध्ये समजावला. ऋण घातांक आणि ऋण संख्या या दोन वेगळ्या कल्पना आहेत, हे सांगताना मी या दोन सालांचा उल्लेख आवर्जून करतो.

दोन संख्या एकाच रेषेवर

३.७ × १०⁻⁵ आणि ९ × १०⁻⁶ यांतील मोठी कोणती? घाईने पाहणारा ९ हा अंक ३.७ पेक्षा मोठा पाहून फसतो. रेषेवर दाखवायचे तर दोन्ही संख्यांचा घातांक सारखा केला पाहिजे, आणि तो मोठ्या घातांकाइतका करावा, कारण रेषा मोठ्या संख्येला पुरेल अशी हवी. −५ आणि −६ यांत −५ मोठा. ९ × १०⁻⁶ = ०.९ × १०⁻⁵. आता आधीच्याच रेषेवर ही संख्या पहिल्या खुणेच्याही आत, ०.९ सेंटिमीटरवर येते आणि ३.७ सेंटिमीटरवरचा बिंदू तिच्या बराच उजवीकडे दिसतो. इथे वैज्ञानिक रूपाचा नियम आपण मुद्दाम मोडला, सहगुणक १ पेक्षा लहान होऊ दिला. तुलनेसाठी तसे करणे योग्यच आहे.

याच रेषेवर ४ × १०⁻⁷ दाखवू पाहिले तर ती ०.०४ × १०⁻⁵ होते, म्हणजे शून्यापासून ०.४ मिलिमीटरवर. तिचा बिंदू शून्याच्या खुणेला चिकटतो. माझा अनुभव असा की घातांकांत एकाचा फरक असेल तर दोन्ही संख्या एका रेषेवर सुखाने मावतात, दोनाचा फरक ओढाताणीचा होतो आणि तीन किंवा अधिक फरक असेल तर या प्रकारच्या रेषेचा नाद सोडावा. अशा वेळी दोन मार्ग उरतात: एकीतून दुसरी मोठी करून दाखवलेल्या रेषांची मालिका किंवा घातांकांची रेषा.

एकीतून दुसरी रेषा मोठी करणे

पहिली रेषा ० ते १ ची आखावी. तिच्यातील ० ते ०.१ हा पहिलाच भाग निवडावा आणि त्याच्या दोन्ही टोकांपासून खाली, बाहेर पसरत जाणाऱ्या दोन तुटक रेघा ओढाव्यात. त्या रेघा जिथे संपतात तिथे पुन्हा दहा सेंटिमीटरची रेषा आखून तिच्या टोकांना ० आणि १०⁻¹ लिहावे. तिचा पहिला भाग पुन्हा मोठा करावा: ० ते १०⁻². असे करत पाचव्या रेषेवर ० ते १०⁻⁴ येते आणि ३.७ × १०⁻⁵ तिथे आपल्या जागी बसते. प्रत्येक रेषा तिच्या वरच्या रेषेच्या दहापट मोठी केलेली आहे, हे तुटक रेघांजवळ ‘१० पट’ असे लिहून दाखवावे. पाच रेषा एकाखाली एक असलेला तो कागद म्हणजे घातांक −५ चे चित्रच असते. आधी पायरी न गाळता हे एकदा तरी हाताने काढावे. नंतर ‘१००० पट’ अशी एकदम उडी घ्यायला हरकत नाही.

मोठा करायचा भाग नेहमी शून्याजवळचाच असतो असे मात्र नाही. २.३४७ × १०⁻⁴ ही संख्या घेतली तर पहिल्या रेषेवर ती २ × १०⁻⁴ आणि ३ × १०⁻⁴ यांच्यामध्ये येते. तेवढाच भाग मोठा करावा. नव्या रेषेचा प्रत्येक भाग १०⁻⁵ चा होतो आणि संख्या २.३ व २.४ या खुणांच्या मध्ये सापडते. पुन्हा तेवढाच भाग मोठा केला की प्रत्येक भाग १०⁻⁶ चा होतो आणि २.३४ च्या पुढे सात दशमांश मोजून बिंदू देता येतो. अशा रेषेच्या डाव्या टोकाला शून्य नसते, हे पाहणाऱ्याच्या लक्षात यावे म्हणून डाव्या टोकाजवळ एक नागमोडी खूण काढावी. ती नसेल तर रेषेच्या लांबीवरून संख्येच्या आकाराचा अंदाज बांधणारा माणूस हमखास फसेल.

या पद्धतीचे खरे सामर्थ्य दाखवणारे एक उदाहरण मला फार आवडते. प्रोटॉनचे वस्तुमान १.६७२६ × १०⁻²⁷ किलोग्रॅम आणि न्यूट्रॉनचे १.६७४९ × १०⁻²⁷ किलोग्रॅम आहे. ० ते १०⁻²⁶ या दहा सेंटिमीटरच्या रेषेवर दोघांचेही बिंदू १.६७ सेंटिमीटरवर एकमेकांवर पडतात. त्यांच्यातील अंतर ०.०२३ मिलिमीटर असते आणि दोन कण एकच असल्याचा भास होतो. आता १.६७० × १०⁻²⁷ पासून १.६८० × १०⁻²⁷ पर्यंतचा तुकडा तेवढ्याच लांबीचा करून काढावा. प्रत्येक भाग ०.००१ × १०⁻²⁷, म्हणजे १०⁻³⁰ किलोग्रॅमचा झाला. प्रोटॉन डाव्या टोकापासून २.६ सेंटिमीटरवर आणि न्यूट्रॉन ४.९ सेंटिमीटरवर येतो. मधले अंतर २.३ सेंटिमीटर, म्हणजे २.३ × १०⁻³⁰ किलोग्रॅम. इलेक्ट्रॉनचे वस्तुमान ९.१ × १०⁻³¹, म्हणजेच ०.९१ × १०⁻³⁰ किलोग्रॅम. तेव्हा हे अंतर सुमारे अडीच इलेक्ट्रॉनांएवढे भरते. अणुकेंद्राबाहेर एकटा पडलेला न्यूट्रॉन सरासरी पंधरा मिनिटांच्या आसपास टिकतो आणि मग त्याचे प्रोटॉन, इलेक्ट्रॉन व अँटिन्यूट्रिनो नावाचा अत्यंत हलका कण यांत रूपांतर होते. न्यूट्रॉन प्रोटॉनपेक्षा एवढ्याने जड आहे म्हणूनच ते शक्य होते. पहिल्या रेषेवर जे अंतर पेन्सिलीच्या रेघेत बुडून गेले होते, त्यात इतका अर्थ भरलेला आहे.

घातांकांची रेषा

केसाची जाडी, जिवाणू, विषाणू, अणू आणि प्रोटॉन हे सगळे एका कागदावर हवे असतील तर समान अंतरांची रेषा पुरी पडत नाही. तिथे खुणांमधली वाढ बेरजेने न धरता गुणाकाराने धरावी: एका खुणेकडून उजवीकडच्या पुढच्या खुणेवर गेले की संख्या दहापट होते. खुणांखाली १०⁻¹⁵, १०⁻¹⁴, १०⁻¹³ असे घात येतात आणि त्यांचे घातांक मात्र नेहमीच्या संख्यारेषेसारखे एकेकाने वाढत जातात. ही रेषा म्हणजे खरे तर घातांकांचीच संख्यारेषा होय.

कागद आडवा धरून चोवीस सेंटिमीटरची रेषा आखावी आणि दर दोन सेंटिमीटरला खूण करावी. डाव्या टोकाला १०⁻¹⁵ मीटर लिहिले की उजव्या टोकाला १०⁻³ मीटर, म्हणजे एक मिलिमीटर येतो. १०⁻⁶ ची खूण अठराव्या सेंटिमीटरवर येईल. आता तांबडी रक्तपेशी दाखवू. तिचा व्यास सुमारे ७.५ × १०⁻⁶ मीटर. घातांकावरून ती १०⁻⁶ आणि १०⁻⁵ यांच्या मधल्या टप्प्यात आहे हे कळले. टप्प्याच्या आत मात्र ७.५ ला पाऊण अंतरावर ठेवून चालणार नाही, कारण या रेषेवर टप्प्याचे आतले भाग समान नसतात. त्यासाठी ७.५ चा लॉगरिदम, म्हणजे १० चा कितवा घात घेतला की ७.५ मिळते तो घातांक, घ्यावा लागतो; तो ०.८७५ आहे. टप्पा दोन सेंटिमीटरचा असल्याने १०⁻⁶ च्या पुढे ०.८७५ × २ = १.७५ सेंटिमीटर जावे. बिंदू १९.७५ सेंटिमीटरवर आला.

लॉगरिदमची कोष्टके जवळ नसली तरी अडत नाही. २ साठी टप्प्याचा ०.३०, ३ साठी ०.४८ आणि ७ साठी ०.८५ एवढा भाग, हे तीन आकडे पाठ ठेवावेत. ४ म्हणजे २ × २, म्हणून ०.३० ची दुप्पट ०.६०. ६ म्हणजे २ × ३, म्हणून ०.७८. ५ म्हणजे १० भागिले २, म्हणून १ मधून ०.३० वजा करून ०.७०. ८ साठी ०.९० आणि ९ साठी ०.९५. ह्या खुणा डाव्या बाजूला विरळ आणि उजव्या बाजूला दाट होत जातात. कॅल्क्युलेटर येण्यापूर्वी अभियंते ज्या सरकपट्टीवर गुणाकार-भागाकार करत, तिच्यावरच्या खुणा याच अंतरांनी कोरलेल्या असत.

आता इतर बिंदू भराभर देता येतात. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ७ × १०⁻⁵ मीटर; २० अधिक १.७, म्हणजे २१.७ सेंटिमीटरवर. आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जिवाणू साधारण २ × १०⁻⁶ मीटर लांब, १८.६ सेंटिमीटरवर. करोना विषाणू सुमारे १०⁻⁷ मीटर व्यासाचा. बरोबर सोळाव्या सेंटिमीटरवर. डीएनएच्या दुहेरी सर्पिलाची रुंदी सुमारे २ × १०⁻⁹ मीटर, १२.६ वर. हायड्रोजनच्या अणूचा व्यास सुमारे १.१ × १०⁻¹⁰ मीटर. दहाव्या सेंटिमीटरच्या किंचित पुढे. त्यानंतर डावीकडे साडेनऊ सेंटिमीटर काहीच नाही, आणि डाव्या टोकापासून अर्ध्या सेंटिमीटरच्या आत प्रोटॉन: व्यास सुमारे १.७ × १०⁻¹⁵ मीटर. १९११ मध्ये अर्नेस्ट रदरफर्ड यांनी अणूचे जवळजवळ सारे वस्तुमान मध्यभागीच्या एका अत्यंत लहान केंद्रात एकवटलेले असते असे मांडले. कागदावरची ही मोकळी जागा त्याच शोधाची आहे.

ही रेषा वाचताना दोन गोष्टींचे भान ठेवावे लागते. एक, तिच्यावर शून्य नाही. डावीकडे कितीही खुणा वाढवल्या तरी १०⁻²⁰, १०⁻³⁰, १०⁻¹⁰⁰ असेच घात येत राहतात आणि शून्य येत नाही. म्हणून डाव्या टोकाला सवयीने ० लिहिणे ही चूक आहे, आणि ऋण संख्यांनाही इथे जागा नाही. दुसरे, दोन बिंदूंमधले अंतर इथे वजाबाकी सांगत नाही, पटी सांगते. १०⁻⁴ आणि १०⁻³ यांचा मध्य नेहमीच्या रेषेवर ५.५ × १०⁻⁴ असतो. घातांकांच्या रेषेवर मध्यभागी असते ती ३.१६ × १०⁻⁴ ही संख्या, कारण १०⁻⁴ ला √१० ने गुणले की ती मिळते आणि तिला पुन्हा √१० ने गुणले की १०⁻³. केस आणि तांबडी पेशी या रेषेवर दोन सेंटिमीटर दूर आहेत, प्रोटॉन आणि अणू सुमारे साडेनऊ. याचा अर्थ केस पेशीच्या दहापट रुंद आहे आणि अणू प्रोटॉनच्या साठ हजारपटीहून मोठा आहे. पाहणाऱ्याला हे आपोआप कळत नाही. म्हणून रेषेखाली ‘प्रत्येक खूण डावीकडच्या खुणेच्या दहापट’ असे एक वाक्य लिहावेच लिहावे.

द्रावणाची आम्लता सांगणारा सामू हे याच रेषेचे रोजच्या वापरातले रूप आहे. डेन्मार्कचे रसायनशास्त्रज्ञ सोरेन सोरेनसेन यांनी १९०९ मध्ये ही मोजणी सुरू केली. २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या शुद्ध पाण्यात दर लिटरमागे हायड्रोजन आयनांचे प्रमाण १०⁻⁷ मोल (मोल हे कणांची संख्या मोजण्याचे एकक) असते; घातांकाचे उणे चिन्ह काढून टाकले की सामू ७. उणे चिन्ह निघाल्यामुळे दिशा उलटते: सामू जितका कमी, तितके आयनांचे प्रमाण जास्त. सामू ४ असलेल्या द्रावणात शुद्ध पाण्याच्या तिप्पट नव्हे, हजारपट हायड्रोजन आयन असतात.

सरावासाठी

पुढील तीन संख्या आधी समान अंतरांच्या दहा सेंटिमीटर रेषेवर आणि मग वरच्या घातांकांच्या रेषेवर दाखवून पाहाव्यात: ०.०००६२, ४८ × १०⁻⁷ आणि ०.०९०५ × १०⁻⁵. शेवटच्या दोन संख्या दहाच्या घातांत असल्या तरी वैज्ञानिक रूपात नाहीत, तेव्हा आधी ते काम करावे.

पहिली संख्या ६.२ × १०⁻⁴ आहे. रेषा ० ते १०⁻³ ची आणि बिंदू ६.२ सेंटिमीटरवर. दुसरी ४.८ × १०⁻⁶. रेषा ० ते १०⁻⁵ ची आणि बिंदू ४.८ सेंटिमीटरवर. तिसरी ९.०५ × १०⁻⁷. रेषा ० ते १०⁻⁶ ची आणि बिंदू ९.०५ सेंटिमीटरवर. घातांकांच्या रेषेवर पहिली १०⁻⁴ च्या पुढे सुमारे १.५८ सेंटिमीटर, दुसरी १०⁻⁶ च्या पुढे १.३६ सेंटिमीटर आणि तिसरी १०⁻⁷ च्या पुढे १.९१ सेंटिमीटरवर येते. तिसरा बिंदू १०⁻⁶ च्या खुणेला जवळजवळ टेकलेला दिसायला हवा. तो रेषेच्या उजव्या टोकाच्या बाहेर गेला असेल, तर ०.०९०५ चे दशांश चिन्ह सरकवताना घातांक वाढवला की कमी केला, ते पुन्हा तपासावे.